बसवंतअप्पांनी शिकवलेला बेटावरचा तुरुंग

अध्यक्षमहाराज, गौराक्का, आणि भालकीतील व मेहकराहून आलेल्या बंधुभगिनींनो,

आजच्या शोकसभेसाठी लिहून आणलेले भाषण मी खिशातच ठेवतो. सकाळपासून ते तीनदा वाचले, तीनदा दुरुस्त केले. त्यात आता एकही चूक उरलेली नाही. पण त्यात बसवंतअप्पाही उरलेले नाहीत.

अप्पा या शाळेचे मास्तर. आज आपण बसलो आहोत त्याच ओसरीवर त्यांनी मला इंग्रजी शिकवले. मी तेव्हा पन्नाशीला आलेला, तहसील कचेरीत साहेबांपुढे कागद ठेवणारा पेशकार. ते माझ्याहून अठरा वर्षांनी लहान.

ते दिवस आपणांस आठवत असतील. संस्थान विलीन झाले, कारभार बदलला. ज्या उर्दूत आम्ही आयुष्यभर दप्तर राखले, ती कचेरीतून उठली आणि तिच्या जागी इंग्रजी येऊन बसली. हुकूम आला: गुलबर्ग्याला जाऊन परीक्षा द्या, अन्यथा नोकरी सोडा. माझ्या दोन मुली लग्नाच्या होत्या. पहिल्या खेपेस मी नापास झालो. तेव्हा हा मेहकरचा मास्तर आपण होऊन कचेरीत आला. सोलापुरास मामांकडे राहून तो इंग्रजी शिकलेला होता. म्हणाला, "सकाळच्याला ओसरीवर येत जावा, पेशकारसाहेब. कामून लाजायलाव?"

मी काय उत्तर दिले? "आधी 'कामून' म्हणणे सोडा. 'का' म्हणा."

ते हसले. "'का' म्हटल्यानं परीक्षा पास होतेत व्हय?"

कचेरीतले आम्ही सहा जण जाऊ लागलो. मुलांच्या पुस्तकातले मांजर आणि चेंडू आम्हां पिकल्या केसांना वाचायला लावायचे नाही, असे अप्पांनी ठरवले होते. त्यांनी स्वतःच एक धडा रचला. अंदमानच्या तुरुंगाचा इतिहास! सोप्या इंग्रजीत, सहा वह्यांत, सहा वेळा हाताने लिहिलेला.

पहिल्या दिवशी वह्या हाती आल्या आणि आम्ही सहाही जणांनी त्या उजवीकडून उघडल्या. उर्दूची सवय, दुसरे काय! सहाही जणांसमोर धड्याचे शेवटचे पान. कचेरीची तिजोरी सांभाळणारे आमचे नाजर करीमसाहेब वही न्याहाळत म्हणाले, "मास्टर, तुमच्या जेलमध्ये आत जायचा रस्ताच दिसंना की!"

सगळे हसले. मी मात्र शरमेने वही मिटली. या वयात वही कशी उघडावी हेही येऊ नये? अप्पांनी ते पाहिले. म्हणाले, "हाताचा काय दोष न्हाई. हात तीस वर्षं तिकडूनच जायलाय." आणि चार दिवसांनी सहा नव्या वह्या आणल्या. उजवीकडूनच वाचायचा, शेवटाकडून मागे जाणारा धडा. पुन्हा सहा वेळा हाताने लिहिलेला.

असा आम्ही तो इतिहास शेवटाकडून शिकलो. पहिल्या पानावर: आज तुरुंग रिकामा आहे, दारे उघडी आहेत. मग मागे गेलो: कैदी मायदेशी परततात, त्याआधी कैदी अन्न नाकारतात. आणखी मागे: माणसे बैलासारखी घाण्याला जुंपलेली आहेत, तेल काढत आहेत. आणखी मागे: कैदीच विटा रचत आहेत, मनोऱ्याभोवती इमारतीचे सात हात उभे राहत आहेत, एका हातातल्या कोठडीतून दुसऱ्या हाताची नुसती पाठ दिसावी, माणसाला माणूस दिसू नये, अशी रचना. आणि शेवटी जंगल, समुद्र, आणि सत्तावन्नच्या बंडानंतर किनाऱ्याला लागलेले पहिले जहाज. मित्रहो, कोठड्यांना कुलपे लागतात त्या पानापर्यंत आलो, तेव्हा ती कुलपे उघडणार आहेत हे आम्हांला ठाऊक होते. म्हणून भय वाटले नाही. इंग्रजीचेही नाही.

त्याच पानावर मी त्यांना विचारले, "आपले आजोबा तिथे होते म्हणतात. क्रांतिकारक होते ना?"

"न्हाई, पेशकारसाहेब. सोलापूरच्या बाजारात बैलावरून भांडण झालं. त्यांच्या हातून माणूस मेला. गेले ते परत आले न्हाईत."

"पण गावात तर सगळे..."

"गाव म्हणतंय. मी खरं सांगायलोय."

त्या काळी आजोबांचे नाव देशभक्तांत घातले असते, तर कोण विचारायला आले असते? मास्तरांना मान मिळाला असता, बढती मिळाली असती. त्यांनी खरे तेच सांगितले. तेही आमच्यासारख्या सहा शिकाऊ माणसांना.

आणि मी काय केले? ऐका.

गुलबर्ग्यास साहेबांनी तोंडी परीक्षेत विचारले, कोणत्याही एका विषयावर बोला. मी तो तुरुंग सांगितला, रिकाम्या कोठड्यांपासून समुद्रापर्यंत. साहेब टेकून बसले होते, ते पुढे सरकून ऐकू लागले. मी उत्तीर्ण झालो. मग एक फॉर्म भरायचा होता. त्यात प्रश्न होता: इंग्रजी कोणाकडे शिकलात? मी लिहिले: स्वप्रयत्नाने.

प्राथमिक शाळेच्या मास्तराचे नाव लिहायला माझा हात धजला नाही. वाक्य व्याकरणशुद्ध होते. खोटे होते.

करीमसाहेबांनी तो फॉर्म पाहिला आणि अप्पांच्या कानावर घातले. दुसऱ्या सकाळी मी मान खाली घालून या ओसरीवर आलो. अप्पा म्हणाले, "कष्ट तर तुमचेच की हो!" आणि जवळ बसवून घेतले. चहा मागवला. त्यानंतर त्यांनी तो विषय कधीही काढला नाही. मीही काढला नाही. ही माझी चूक पाच वर्षे दुरुस्तीवाचून राहिली.

गौराक्का, माझ्या दोन्ही मुली आज आपापल्या घरी सुखात आहेत. त्या संसारांच्या पायाखाली तुमच्या यजमानांचे कष्ट आहेत, हे मी आज सर्वांसमक्ष सांगतो. माझे निवृत्तिवेतन, माझी प्रतिष्ठा, या गावात ताठ मानेने चालणे, सारे अप्पांनी दिलेले आहे. त्या फॉर्मवरचे उत्तर आता खोडता येणार नाही. पण उच्चारता येते. मी इंग्रजी बसवंतअप्पा मास्तरांकडे शिकलो.

आता आपण दोन मिनिटे स्तब्ध राहू. माझी एक विनंती आहे. ज्यांना अप्पांनी शिकवले, त्यांनी आधी उठावे, बाकीच्यांनी नंतर.

मी उभाच आहे.