डाव्या शॉकअपचं तेल

— व्हय व्हय, बसा की पावणं, त्या टायरवर बसा, मळत न्हाई. तर काय म्हणत हुतासा, पुढचं शॉकअप खड्ड्यात आपटतंय? लई दिवसांत तेल बदललं न्हाई? बरं. म्हणताय तर आसंल. भजी घ्या, गरम हाईत. कांदा चालत न्हाई? ऱ्हाऊ दे, च्या सांगतो.

हे बघा, डाव्या शॉकअपचा खालचा बोल्ट काढला, हँडल दाबतो, तेल पेल्यात धरतो — जुनं तेल कसं असतंय ठावं हाय? काळं, गढूळ, नाकाला झोंबणारं. आन् हे? लालचुटूक! पावणं, हे तेल म्हैन्याभराचंबी नसंल. सीलबी कोरडं. मग चांगली धड गाडी घेऊन मलकापुरास्नं हितंपर्यंत कशापायी आलासा? वाटंत गॅरेज न्हाईत व्हय? त्या नाक्यावरच्या गॅरेजवाल्या उदयसिंहानं धाडलं न्हवं, माझं काम बघून यायला? मान कशाला हलवताय, घाम पुसा आदी.

थांबा, वरचं टोपण काढतो — आँ? स्प्रिंगवर हा पायपाचा तुकडा कुणी बसवला? सायकलचा पाइप, आतली कड कानशीनं घासून गोल केलेली — ही आमच्या गॅरेजची रीत हाय, दुधाची कॅनं वाहणाऱ्या गाड्या ओझ्यानं दबू नयेत म्हणून मी काढलेली. उदयसिंहाच्या बापालाबी येत न्हाई. मला येती, आन् माझ्या क्रांतीला. पोरीच्या हातात पाना-पकड कशाला म्हणून गल्ली हसली, तरी शिकवलं. आन् काय केलं तिनं? गेली निघून, कांदा न खाणाऱ्याच्या घरात! लग्नाला गेलो न्हाई, त्या वृषभ जावयाचं तोंड बघितलं न्हाई, परत उंबरा चढू नगंस म्हटलं. म्हटलं की! बाप हाय मी. तवापास्नं हा तुकडा मी कुणाच्याच गाडीत घालत न्हाई, पाइप संपला म्हणून सांगतो. हात चालत न्हाई हो —

कांदा चालत न्हाई म्हणालासा न्हवं?

वर बघा. वृषभ?

तिनं धाडलं, का आपल्या मनानं — ऱ्हाऊ दे, सांगू नगा. हे तिचंच तेल परत भरलं, टोपण आवळलं, झालं. उठा. पैसं नगंत. आन् घरात सांगा, डाव्या शॉकअपात तेल कमी पडलंय. पडलं न्हाई, पेल्यात बघितलंय मी, मापाला बरोबर हाय — तरी सांगा. म्हणावं, असलं काम बापाच्या गॅरेजात खपत न्हाई, यायचं आन् आपल्या हातानं भरायचं. निघा आता. निघा म्हणतो न्हवं! — च्या पिऊन निघा.