शंभरातल्या चाळीस

कोपरीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर मामा-भाची बसलेले.

"मेघना, बोर्डावर कितवा नंबर दिसतोय गं?"

"बावीस. आपला सव्वीस, मामा."

"तुमच्या लॅबमध्ये उंदरांच्या डोळ्यांत व्हायरस सोडतात म्हणे?"

"त्रास न देणारा असतो रे. चांगलं जनुक तो डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींपर्यंत नेतो."

"पोचलं हे कळतं कसं?"

"पोचलं की पेशी हिरवी चमकते. मी त्या मोजते. या वेळी शंभरातल्या चाळीस चमकल्या."

"वा! म्हणजे उंदराला दिसायला लागलं?"

"ते नाही कळलं. मोजायला डोळा काढावा लागतो, मामा."

"अस्सं."

"तेवीस नंबर लागला बघ."

"मेघना, माझ्या डोळ्यात सोडाल ना, तेव्हा मोजत बसू नकोस हां. मीच तुला बोर्ड वाचून दाखवेन."