देवाची हरकत

(ॲन आर्बर, मिशिगन. काउंटीच्या आरोग्य कार्यालयातली लहानशी खोली. टेबलाच्या एका बाजूला नर्स शैलजा, समोर हातात फोन घेतलेला सॉफ्टवेअर इंजिनीअर देवदत्त. दोघंही इथल्या महाराष्ट्र मंडळातले.)

देवदत्त : "...आणि म्हणून, आमच्या पाच हजार वर्षांच्या सनातन परंपरेनुसार मानवी देह हे साक्षात ईश्वराचं मंदिर असून, त्यात सुईचा प्रवेश आम्हांस सर्वथैव निषिद्ध आहे."

शैलजा : तुझ्या इशिताचे कान मीच टोचलेत, देवदत्त.

देवदत्त : हो, पण... काकू, ते वेगळं.

शैलजा : तुझ्या आईंना व्हिसा मिळेपर्यंत बारसं तीन महिने लांबलं. इथे सोनार कुठून आणायचा, म्हणून मला बोलावलंत. मंदिराला दोन भोकं पाडून मी तुमच्याकडे पोटभर श्रीखंड-पुरी खाऊन गेले.

देवदत्त : तो संस्कार होता!

शैलजा : असेल. मला सुईच दिसली. बरं, पुढे वाच. तिसरा परिच्छेद.

देवदत्त : "या विषयावर आम्ही आमच्या पास्टरशी सविस्तर..." अरेच्चा. हे बदलायचं राहिलं. ॲक्चुअली ग्रुपवर कुणीतरी टेम्प्लेट टाकलं होतं. मी चर्चच्या जागी टेम्पल केलं, मग तुम्हाला वाचून दाखवायला फोनलाच सांगितलं मराठीत कर म्हणून. पास्टर कसा सुटला काय माहीत.

शैलजा : असू दे त्याला. हे कुणी वाचत नाही.

देवदत्त : कुणीच नाही?

शैलजा : फॉर्मवर एक चौकोन आहे, "धार्मिक कारण". त्यात खूण करायची. कुठला धर्म, कुठला देव, देव नक्की काय म्हणाला, विचारायची सोय नाही. शाळेत प्रवेश घेताना राहत्या पत्त्याच्या पुराव्यासाठी काय काय मागितलं होतं रे?

देवदत्त : लीज, दोन बिलं, लायसन्स. आणि एका बिलावर प्रीताचं स्पेलिंग चुकलं होतं म्हणून परत पाठवलं.

शैलजा : देवाचं काम बघ कसं बिनकागदाचं. प्रीता कुठंय?

देवदत्त : खाली गाडीत. इशिताबरोबर. ती म्हणाली, काकूंसमोर मी बसणार नाही, तुझं तू बघ.

शैलजा : शहाणी आहे तुझी बायको. चल, मग तुझं तू बघ. नियम असा, की लस टोचायची नसेल तर आईबापांनी आधी इथे यायचं. वीस मिनिटं मी बोलायचं, तू ऐकायचं. शेवटी मी सही करायची आणि तो वेव्हर, लशीतून सूट मिळाल्याचा कागद, तू शाळेत नेऊन द्यायचा. नाही म्हणायचा अधिकार मला नाही. गोवरापासून सुरू करते.

देवदत्त : काकू, आपल्यात कशाला हे फॉर्मल? बेसिकली आम्ही काही लशीच्या विरुद्ध नाही.

शैलजा : नाही?

देवदत्त : छे! आम्ही काय अडाणी आहोत का? पुण्यात आईकडे होती ना, तेव्हा नवव्या महिन्यात दिलाय गोवराचा डोस. इथे धरत नाहीत म्हणे. पहिल्या वाढदिवसानंतरचे दोन हवेत. आता ही शाळेची पद्धत. आणि पेपर सोमवारपर्यंत द्या, नाहीतर इशिताला घरी ठेवा.

शैलजा : आज बुधवार. लस पलीकडच्या खोलीत आहे. आत्ता कुणी नाहीये तिथे. सात मिनिटांत बाहेर. पहिला डोस झाला की शाळा दुसऱ्यासाठी थांबते.

देवदत्त : शुक्रवारी ओरलँडोची फ्लाइट आहे. तिला तिथे ताप आला तर? सगळं नॉन-रिफंडेबल.

शैलजा : या लशीनं ताप आलाच, तर आठवड्यानं येतो. तोवर तुम्ही परत.

देवदत्त : तेव्हा माझं रिलीज आहे, काकू! पंधरा दिवस मला श्वास घ्यायला वेळ नाही. त्यानंतर प्रीताचं ट्रेनिंग.

शैलजा : म्हणजे देवाची हरकत साधारण कुठल्या तारखेपर्यंत आहे?

देवदत्त : तुम्ही पण ना!

शैलजा : गेल्या वर्षी ग्रीन कार्डचं मेडिकल झालं तुमचं. तेव्हा लशी घेतल्यात?

देवदत्त : मी तीन, प्रीतानं चार. एकाच दिवशी.

शैलजा : तेव्हा देव काही बोलला नाही?

देवदत्त : तेव्हा वकील म्हणाला, रिस्क नको.

शैलजा : बरोबर. देव वकिलाच्या मध्ये पडत नाही.

देवदत्त : खरं सांगू काकू? तिचे कान टोचलेत ना तुम्ही, तेव्हा मी बाहेर पॅटिओत जाऊन उभा होतो. मला तिचं रडणं बघवत नाही.

शैलजा : माहीत आहे. काचेतून दिसत होतास. म्हणून सांगते, मी टोचते. तू पुन्हा बाहेर जाऊन उभा राहा.

देवदत्त : नको, आता प्लॅन ठरलाय.

शैलजा : मध्यंतरी शाळेनं इशिताचा डबा परत पाठवला होता म्हणे.

देवदत्त : शेंगदाण्याची चटणी होती. वर्गात कुणालातरी ॲलर्जी आहे. आम्हाला ठाऊकच नव्हतं. प्रीतानं त्याच संध्याकाळी घरातलं कूटसुद्धा टाकून दिलं. आता साबुदाण्याची खिचडी बिनकुटाची करतो.

शैलजा : बिनकुटाची?

देवदत्त : बेकार लागते. पण दुसऱ्याच्या पोराच्या जिवाचा प्रश्न असेल, तर एवढं नको करायला आपण?

शैलजा : एवढं नको करायला आपण.

देवदत्त : काय झालं?

शैलजा : काही नाही. तुझंच वाक्य परत एकदा ऐकत होते. आता मी जे बोलणार आहे ते नर्स म्हणून नाही. आजी म्हणून. शार्दूल इशिताच्याच वर्गात आहे.

देवदत्त : हो की! गणपतीत बघितला ना, टोपी घालून आरतीला. बरा झाला ना आता?

शैलजा : कॅन्सर गेला. त्याबरोबर अंगातली रोगाशी झुंजायची ताकद पण गेली. त्याला अजून काही महिने ही लस देता येत नाही. डॉक्टर म्हणाले, शाळेत पाठवा, पण वर्गातली बाकीची मुलं टोचलेली असली पाहिजेत. त्याच्या आईनं, माझ्या कादंबरीनं, शाळेला विचारलं. शाळा नावं सांगत नाही, आकडा सांगते. बावीस मुलांत तीन वेव्हर. तेवढ्यावर डॉक्टर कसेबसे हो म्हणाले. चौथा आला तर माझी लेक त्याला पाठवणार नाही.

देवदत्त : बापरे. काकू, हे आधी नाही का सांगायचं!

शैलजा : आत्ता आधीच आहे. सही अजून व्हायचीय.

देवदत्त : नाही, म्हणजे... आम्ही इशिताला बजावून सांगू. शार्दूलच्या जवळ बसायचं नाही.

शैलजा : गोवर झालेलं मूल वर्गातून निघून गेलं, तरी दोन तास गोवर हवेत राहतो. त्याला कोण कुठे बसलंय ते बघावं लागत नाही.

देवदत्त : मग शाळेनं त्याला दुसऱ्या वर्गात घालायला हवं. ॲक्चुअली ही शाळेची रिस्पॉन्सिबिलिटी आहे. तुम्ही प्रिन्सिपलला एक ईमेल टाका. हवं तर मी ड्राफ्ट करून देतो.

शैलजा : फोनवर?

देवदत्त : हो, दोन मिनिटांचं काम आहे.

शैलजा : देवदत्त, पस्तीस वर्षं मी लोकांच्या जखमा धुतल्यात. पू, उलट्या, सगळं. जेवताना कधी काही वाटलं नाही. आज मात्र डबा उघडवेल असं वाटत नाही.

देवदत्त : काकू, प्लीज, असं नका ना बोलू. मला पण वाईट वाटतंय. पण एका आमच्या वेव्हरनं असा काय फरक पडणार? तीन तर आहेतच.

शैलजा : त्या तिघांनीही हेच म्हटलं असेल. एकाच्या तर तिसऱ्या परिच्छेदात पास्टर खरा होता. शेवटचं विचारते. ती खाली गाडीत आहे. सात मिनिटं.

देवदत्त : इस्टरच्या सुट्टीत नक्की, काकू. प्रॉमिस.

शैलजा : इथे सही कर. इथे तारीख. इथे लिहिलंय, की लस न दिल्यानं माझ्या मुलीला आणि इतरांना काय होऊ शकतं ते मला समजावून सांगितलं आणि मला समजलं.

देवदत्त : झाली. तुमची?

शैलजा : ही माझी. सोमवारी ऑफिसात दे. बाई हसून घेतील, थँक यू म्हणतील आणि फाइलला लावतील. इशिता वर्गात.

देवदत्त : आणि शार्दूल?

शैलजा : घरी. खिडकीतून शाळेची बस दिसते, ती बघेल.

देवदत्त : ...मनात काही ठेवू नका हं काकू.

शैलजा : ये आता. पुढची माणसं थांबलीत.

देवदत्त : काकू, एकच. त्या टेबलावरच्या बाउलमध्ये ते हत्तीचं स्टिकर आहे ना, लस टोचल्यावर मुलांना देता ते, "आज मी शूर होते" लिहिलेलं, त्यातलं एक मिळेल का? वर्गात सगळ्यांकडे आहे म्हणते इशिता.