नुसतं ‘गुलाब’ म्हणून कसं सापडणार?

— नुसतं ‘गुलाब कुठे आहे’ म्हणून या गल्लीत काय सापडणार, साहेब? तुम्ही उभे आहात ती गुलाब लाँड्रीच की! पाटी वाचूनच आत आलात ना? समोर गुलाब सलून, त्याच्या वर गुलाब लॉज — तिथल्या चादरी मीच धुते, तेव्हा मुक्काम करायचा विचार असेल तर माझं ऐका, करू नका. पलीकडे गुलाब गॅरेज. खाटकाच्या कुत्र्याचं नावसुद्धा गुलाब, आणि तो चावतो. काय आहे, पूर्वी इथे साबणाचा कारखाना होता, गुलाब छाप. वास गुलाबाचा कमी, चरबीचा जास्त! पण अख्खी वस्ती त्याच्यावर जगली ना, म्हणून जो तो दुकान काढणार त्याचं नाव गुलाबच. कारखाना बुडाला, मालक पळाला, नाव तेवढं मागे राहिलं. पोस्टमन अगदी रडकुंडीला येतो. आणि खरा गुलाब, झाडाला लागणारा, तो बघायला म्हणाल तर एकाच्याही दारात नाही.

बसा ना. नको? बरं, राहा उभे. तो शर्ट इस्त्रीलाच आणलाय ना? बघू... बाहीवर हा डाग कसला हो? सॉस? छे, सॉसचा असा नसतो — कडेला गडद, मध्ये फिका. रक्त आहे हे. अहो, दचकता काय, रक्त आम्हाला रोजचंच, कुणी दाढी करताना कापून घेतं, मुलं गुडघे फोडून येतात. गरम पाण्यात टाकलात ना? तिथेच फसलात. गारच पाणी घ्यायचं असतं. गरम पाण्यानं रक्त कापडात शिजून बसतं, मग कुणाचा बाप आला तरी निघत नाही. घरात बाई असती तर तिनं सांगितलं असतं... नाही, सहज आपलं म्हटलं. कॉलर दुमडलेली तशीच वाळत घातलीय, म्हणून कळलं हो, दुसरं काही नाही.

तर गुलाब. गॅरेजात विचारलंत का? नाहीतर धक्क्यावर जा — नदीपार जाणारी बोट आहे, तिचंही नाव गुलाबच. शेवटची फेरी सुटायला आलीय, आत्ता निघालात तर मिळेल. इथे उगाच वेळ घालवू नका, इथे ती आलेलीच नाही.

काय झालं? असे काय बघताय? — ‘ती’ म्हटलं मी? म्हटलं असेल. ती म्हणजे... बोट. बोट ती, लाँड्री ती... हो हो, बोट लाँड्रीत कशी येईल, कळतंय मला. तुम्ही तर ‘गुलाब कुठे आहे’ एवढंच विचारलंत. तो की ती, काहीच बोलला नाहीत. मुद्दामच, नाही का? आणि मी बसले चऱ्हाट वळत! आग लागो माझ्या जिभेला.

बरं, मग ऐका, जावईबापू. लग्नात मावससासूला बोलावलं नव्हतंत, म्हणून तोंड ओळखीचं नव्हतं — शर्टावरून ओळखलं. माझ्या बहिणीलाही पोरीला दुसरं नाव सुचलं नाही, काय करणार! पोरीचा हात अजून गळ्यात बांधलाय. डॉक्टर म्हणाले, पडून असं हाड मोडत नाही, कुणीतरी पिरगाळावं लागतं. मी नाही तिला परत धाडणार. भीती वाटतेय तुमची, खोटं कशाला बोलू — पण नाही धाडणार.

दाराची कडी का लावलीत? काढा ती. दुकान बंद झालं, उचला तुमचा शर्ट आणि चालायला लागा. — अहो, तिकडे नाही. तिकडे जिना आहे. हात सोडा माझा, सोडा म्हणते ना — गुलाब! पोरी, मागच्या खिडकीनं —