शुक्रवार ते सोमवार

डायलिसिसच्या खोलीबाहेर आम्ही सगळे नंबराची वाट पाहत बसलो होतो. माझ्या शेजारचं वयस्कर जोडपं हळू आवाजात बोलत होतं.

“शुक्रवारी दुपारी तुम्ही मशीनवरून सुटलात की संध्याकाळची बस. शनिवारी सकाळी दक्षिणेतल्या त्या देवळांच्या गावात. रविवारी निघायचं, सोमवारी पुन्हा इथं. डॉक्टरांना विचारलंय मी.”

“तू बहिणीबरोबर जा. मी पाहिलंय ते.”

“काय पाहिलंय?”

“अगं, वीस वर्षं बस नेली तिकडं.”

“नेलीत. आत किती वेळा गेलात?”

“गाडी सोडून कसं जाणार? लोकांचं सामान असायचं.”

“म्हणजे एकदाही नाही.”

“गोपूर दिसायचं, गाडी लावायचो तिथून.”

“आता कुणाचं सामान राखायचं नाही तुम्हाला.”

“आणि वाटेत मला काही झालं तर? परक्या मुलखात एकटी काय करशील?”

“इथं झालं तरी एकटीच असते मी.”



“उन्हात चालवणार नाही मला. पाणीसुद्धा मोजून प्यायचं.”

“पहाटे जाऊ. दमलात तर बसू कुठंतरी. दर्शन नाही झालं तरी चालेल.”

“मग जायचं कशाला?”

“तुम्हाला आत न्यायचंय, एवढंच.”

सिस्टरनं त्यांचा नंबर पुकारला. बायकोच्या खांद्याचा आधार घेऊन ते सावकाश उठले.

“खिडकीची जागा तू घे. रस्ता मला पाठ आहे.”