पाचवं लिटर

मुकादमाच्या जागेसाठी तोंडी परीक्षा होती. दवाखान्यातल्या बाकावर वॉर्डबॉय आपल्या पाळीची वाट बघत बसला होता. शेजारी सफाईवाल्या मावशींना त्यांची सून घोकवत होती.

“आई, शेवटचं विचारते. दहा टक्क्यांचं एक लिटर जंतुनाशक दोन टक्क्यांचं करायचंय. पाणी किती घालाल?”

“पाच लिटर.”

“अहो, याच्यावरच दोनदा नापास झालात ना?”

“तूच म्हणालीस, पाच पट!”

“सगळं मिळून पाच. बादलीत आधीचं एक लिटर आहे, ते कुठे गेलं?”

“ते कुठे जातंय? तिथंच बसलंय की.”

“मग पाणी?”

“अगं बाई, चारच! म्हणजे एका लिटरात दोनदा बुडाले मी?”

“आता तरंगा.”

“गप गं, आगाऊ!”

तेवढ्यात मावशींना हाक आली. त्या आत गेल्या आणि थोड्या वेळानं बंद दारातून त्यांचा खणखणीत आवाज आला.

“चारच लिटर, साहेब! पाचवं आधीच बादलीत बसलंय!”

आत हशा पिकला. बाहेर सुनेनं टाळीच वाजवली.

वॉर्डबॉयनं तळहातावर लिहिलेला पाचाचा आकडा थुंकी लावून पुसला.

“वहिनी, पेन आहे का हो?”