काही न सापडल्याचे दगड

माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, खाण कार्यालयातील सर्व सहकारी आणि आज सेवानिवृत्त होणाऱ्या, ज्यांना अख्खं कार्यालय ‘खडकताई’ म्हणतं त्या आमच्या ताई,

मी बातमीदार. मला पाच मिनिटं दिली आहेत. म्हणजे मी तीन जास्त घेणार हे संयोजकांनी गृहीत धरलंच असेल.

ताईंनी एकतीस वर्षं काय सांभाळलं? दगड. खनिज शोधायला कंपन्या जमिनीत खोल भोकं पाडतात, त्यातून दगडाचे लांब दांडके निघतात. खनिज सापडलं तर कळवा, एवढंच जुना कायदा सांगतो. नाही सापडलं, तर दांडके फेका आणि गप्प घरी जा! ताई ते फेकलेले दांडके उचलून कार्यालयाच्या कोठारात आणायच्या, पेटीत रचायच्या आणि वर लिहायच्या: ‘इथे काही नाही.’

पाठशाळेत वैशेषिक दर्शन शिकवताना गुरुजींनी ‘अभाव’, म्हणजे नसणं, हा जगातला सातवा पदार्थ म्हणून आमच्याकडून घोकून घेतला होता. तो पेट्यांत भरून ठेवलेला मात्र इथेच पाहिला.

एकदा एक साहेब मोठ्या ऐटीत आले. “त्या टेकडीत तांबं आहे. भोकं पाडायची परवानगी हवी.”

“बसा, चहा घ्या,” ताई म्हणाल्या. “तुमच्याआधी दोघांनी पाडली. हे त्यांचे दगड.”

“अहो, मग आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही?”

“हरल्याचं कोण सांगतं, साहेब?”

साहेब चहा अर्धा टाकून गेले. टेकडी वाचली.

नव्या कायद्याच्या मसुद्यात ताईंनी एकच कलम सुचवलं: काही सापडलं नाही, तरी दगड आणि अहवाल सरकारजमा करा, सर्वांना पाहू द्या. कलम आत गेलंही होतं. मग मी लेख लिहिला, ‘सरकारी दगडांचं स्मशान’: निरुपयोगी दगड सांभाळायला सरकारी पैसा कशाला, असा. खूप वाचला गेला. मसुदा समितीनंही वाचला, फाइलला जोडला, कलम वगळलं आणि कोठार रिकामं करण्याचा हुकूम काढला. माझं लिखाण सरकारनं इतकं मनावर घ्यावं, हे पहिल्यांदाच घडलं. नेमकं तेव्हाच मी चुकीचा होतो.

ताई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “भाऊ, लेख छान होता. एखादी पेटी उघडली असतीत तर आणखी छान झाला असता.”

मी तासभर कोठारात हिंडलो होतो, महोदय. एकही पेटी उघडली नव्हती.

त्या समितीचे प्रमुख आज आपले अध्यक्ष आहेत. मसुदा सोमवारी छापायला जातो, असं ऐकतो. माझ्या लेखाची दुरुस्तीही सोमवारीच छापून येईल. कलम परत आलं, तर ती आतल्या पानावर, चार ओळींत भागेल. नाही आलं, तर पहिल्या पानावर, सविस्तर. अध्यक्षमहोदय हसताहेत, हे हसू होकाराचं आहे, असं मी सभेच्या साक्षीनं टिपून घेतो.

आपण शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल ते पोटात घाला. लेखातली चूक मात्र पोटात घालू नका. ती कायद्यात दुरुस्त करा.